आधी कपलर, मग कॉम्प्युटर

रविवारी सकाळी साडेसातला कर्जतच्या चारफाट्यावर उभं राहिलं की मुंबई रिकामी होताना दिसते. डोंबिवली, कल्याण, ठाण्याकडून निघालेल्या बाईक इथे चहाला थांबतात. कुणाला कोंढाण्याच्या लेण्यांकडे जायचं असतं, कुणाला कशेळेमार्गे कोथळीगडाच्या पायथ्याशी. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे लोणावळ्याला निघालेला बाईकवाला चौक, खालापूर, खोपोली असा जुन्या रस्त्याने बोरघाटाला लागतो. या वाटांवरच्या गॅरेजवाल्यांचं आठवड्याचं गणित म्हणूनच रविवारी जुळतं.

यंदाच्या अंकाला ‘अवजार’ हा विषय ठरला, तेव्हा कर्जत-खालापुरातल्या या गॅरेजांकडे वळण्याचं कारण एकच होतं. गेल्या पाच-सहा वर्षांत इथल्या मिस्त्रीच्या हातातलं अवजार पार बदललंय. पाने, पक्कड आणि प्लग-पाना आहेतच. त्यांच्या शेजारी आता काड्यापेटीएवढा निळा डबा, दोन-तीन केबली आणि बॅटरी गेलेला एक जुना लॅपटॉप येऊन बसलाय. त्यातलं कुठलं घ्यावं आणि कुठलं घेऊ नये, हा इथला रोजचा प्रश्न आहे.

झटका खाणारी बाईक

फाट्यापासून थोडं पुढे पत्र्याच्या शेडमध्ये १६० सीसीची एक बीएस-६ बाईक उभी होती. भातकापणीला अजून वेळ होता आणि पाऊस नुकताच मागे सरला होता. गाडीच्या बुडाला लाल चिखल वाळून बसला होता.

“दादा, पिवळी लाईट पेटलीय. घाट चढताना मध्येच झटका देते,” मालक म्हणाला. पंचविशीतला, हातात हेल्मेट.

मिस्त्रीने इंजिनला हात लावला नाही. सीट काढली, टोपणाखालचा कपलर शोधला, एक जोडवायर लावली आणि तिच्या टोकाला निळा डबा खोचला. फोनवर कोड उमटला : पी-०१२२. थ्रॉटल पोझिशन सेन्सर, सिग्नल अपेक्षेपेक्षा कमी.

“सेन्सर गेला?” मालकाने विचारलं.

“कोड तसं सांगत नाही. तिथून येणारा करंट कमी दिसला, एवढंच सांगतो. सेन्सर गेला असेल, वायर तुटली असेल, नाहीतर कपलरात पाणी असेल.”

हा सेन्सर साधा असतो. त्याला पाच व्होल्ट मिळतात. मूठ सोडलेली असताना तो साधारण अर्धा व्होल्ट परत पाठवतो आणि पूर्ण पिळली की साडेचारच्या आसपास जातो. फोनवर आकडा दिसत होता, पण तो सेकंदाला एकदाच बदलत होता. मूठ पिळली की थांबत थांबत वर जायचा, सोडली की खाली यायचा. सगळं ठीकच वाटत होतं.

मिस्त्रीने निळा डबा काढून दुसरा जोड लावला. तो आकाराने मोठा, किमतीने दसपट. आता आकडा मुठीबरोबर सरसर हलू लागला. टाकी थोडी उचलून त्याने वायरिंगची जुडी दोन बोटांत धरली आणि हळूच हलवली. आकडा क्षणभर शून्यावर पडला आणि पुन्हा जागेवर आला. परत हलवली, परत पडला.

कपलर उघडला तेव्हा एका पिनेवर हिरवा गंज दिसला. पिन घासून साफ झाली, पक्कडीने जरा आवळली गेली, वर ग्रीस चढलं. कोड पुसून गाडी दोनदा पळवली, लाईट पुन्हा पेटली नाही. सेन्सर काही बदलावा लागला नाही.

दोन्ही यंत्रांनी कोड एकच दाखवला होता, पण दोष सापडला तो दुसऱ्यावर. क्षणभर पडणारा आकडा सेकंदाला एकदाच बघणाऱ्या यंत्राला दिसतच नाही. हार्डवेअर निवडण्याचा सगळा मामला एवढ्यात आला. बाकीचा लेख म्हणजे त्याचा तपशील.

जेट सुटला, कोड आला

कार्बोरेटरच्या काळात ट्यूनिंग कानाने व्हायचं. एअर स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. खोपोलीतून बोरघाट चढून गेलं की हवा विरळ होते, तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी पडते आणि गाडी जड वाटते. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी गाडीला दम देणारे जुने लोक हे अनुभवाने जाणून होते.

भारतात इंजेक्शनवाली बाईक २००६ मध्ये आली, हिरो होंडाची ग्लॅमर एफआय. पुढे पल्सर २२०, यामाहा आर-१५, रॉयल एनफिल्डची क्लासिक ५०० ही नावं जोडली गेली. तरी गावोगावच्या गाड्या कार्बोरेटरवरच चालत होत्या. खरा बदल झाला तो कायद्याने. बीएस-४ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०२० नंतर करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरवलं. १ एप्रिल २०२० पासून विकली जाणारी प्रत्येक नवी दुचाकी बीएस-६ झाली. प्रदूषणाची ही मर्यादा गाठायला बहुतेक कंपन्यांनी साध्यातल्या साध्या गाडीलाही इंजेक्शन बसवलं. त्याच वेळी दोष स्वतःच ओळखून नोंदवून ठेवणारी ओबीडी यंत्रणा दुचाकीत सक्तीची झाली. तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०२३ आणि एप्रिल २०२५ असा दोन पायऱ्यांनी आला.

म्हणजे शेतावर जाणाऱ्या माणसाच्या १०० सीसी गाडीतही आता ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारं छोटं संगणक-यंत्र, आहे. हवेचा दाब, तापमान, मुठीची स्थिती आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन बघून ते पेट्रोलचं माप ठरवतं. एअर स्क्रू गेला. गाडीला काय होतंय हे आता तिलाच विचारावं लागतं, आणि विचारायचं तर तिची भाषा बोलणारं यंत्र हवं.

काही गाड्या यंत्राशिवायही थोडं बोलतात. होंडाच्या अनेक इंजेक्शन गाड्यांत पिवळा दिवाच लकाकून कोड सांगतो : लांब लकाकी म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बारा, म्हणजे इंजेक्टरचं सर्किट. हे ज्याला ठाऊक आहे त्याचं पहिलं काम फुकटात होतं.

गाडीकडून सुरुवात

नवखा माणूस आधी सॉफ्टवेअर शोधतो, मग त्याला चालणारी केबल मागवतो आणि शेवटी गाडीजवळ जातो. जाणता मिस्त्री उलटा चालतो. आधी गाडीचा कपलर बघायचा, मग त्यातून कुठली भाषा वाहते ते ठरवायचं, मग ती भाषा बोलणारं यंत्र घ्यायचं आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

मोटारगाड्यांत हे सोपं आहे. अमेरिकेने १९९६ मध्ये सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं केलं आणि सोळा पिनांचा एकच कपलर जगभर पसरला. त्यात सोळाव्या पिनेवर बॅटरी, चौथ्या-पाचव्यावर अर्थिंग, सहाव्या आणि चौदाव्यावर कॅन, सातव्यावर के-लाइन (या दोन भाषांबद्दल पुढे). कुठलीही गाडी असो, जागा ठरलेली.

दुचाकींचं तसं नव्हतं. कुणाचा तीन पिनांचा, कुणाचा चार, कुणाचा सहा. आयएसओ १९६८९ हे दुचाकीच्या कपलरचं मानक २०१६ मध्ये आलं आणि बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांवर त्याप्रमाणे सहा पिनांचा कपलर दिसू लागला. इथेच मोठा घोटाळा होतो. मानकाआधीही काही कंपन्यांचे कपलर सहा पिनांचे होते, पण त्यांची आतली जोडणी निराळी. नुसत्या पिना मोजून जोडवायर घेतली तर सिग्नलच्या वायरीवर बारा व्होल्ट जाऊ शकतात. म्हणून नवी जोडवायर आली की आधी मीटर लावून तिची प्रत्येक पिन तपासायची. बॅटरी कुठे, अर्थ कुठे, हे कळल्याशिवाय ती गाडीला लावायची नाही.

कपलरनंतर भाषा. जुन्या इंजेक्शन गाड्यांत बहुधा के-लाइन असते : एकच वायर, बारा व्होल्टवर चालणारी, सेकंदाला १०,४०० बिट वाहून नेणारी. नव्यांत कॅन असतं : पीळ घातलेल्या दोन वायरी आणि ओबीडीसाठी बहुधा सेकंदाला ५ लाख बिट. कॅन ही बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली पद्धत. के-लाइनची केबल कॅनच्या गाडीला लावली तर गाडी उत्तरच देत नाही. सॉफ्टवेअर कितीही भारी असो, यात काही फरक पडत नाही.

गाडीत कॅन ठीक आहे का, हे कळायला स्कॅनरही लागत नाही. चावी बंद करून कॅनच्या दोन वायरींमध्ये मीटर धरायचा. दोन्ही टोकांना १२० ओमचे रोधक असतात, ते समांतर असल्याने मीटर ६० ओमच्या आसपास दाखवतो. १२० दाखवला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दाखवला तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि भाताच्या कणग्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. अशा मुलखात हा मीटरच पहिलं हार्डवेअर आहे. स्कॅनरचा नंबर त्याच्यानंतर लागतो.

निळ्या डब्यात काय आहे

चारपाचशे रुपयांना मिळणारा निळा डबा ज्या नावाने विकला जातो ते नाव आहे ईएलएम-३२७. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने ही चिप २००५ च्या सुमारास बाजारात आणली. गाडीची अवघड भाषा ती साध्या आज्ञांत उलगडून देई. पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं. ती उचलली गेली आणि जगभर नकला पसरल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र चालूच आहेत. ‘१.५’ ही आवृत्ती तर मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, तरी त्या आकड्याचे डबे सर्रास विकले जातात.

नक्कल म्हणजे टाकाऊच, असं नाही. इंजिनाचा कोड वाचायला, लाईट का पेटली याचा अंदाज घ्यायला तो डबा पुरतो. त्याची मर्यादा कळली पाहिजे. अनेक डबे मूळ चिपच्या काही आज्ञा पाळत नाहीत. काहींत के-लाइनचं सर्किटच नसतं. लांबलचक उत्तर आलं की काही अर्धवट सोडून देतात. एबीएसचं युनिट तर वेगळंच असतं. त्याचे कोड बहुधा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने मागावे लागतात आणि साधं ओबीडी अ‍ॅप तिथवर पोचत नाही. १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हे काम दारात येणारच.

फोनचाही प्रश्न आहे. स्वस्त डबे जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात, ते अँड्रॉइडशी जुळतात. आयफोनला त्यांच्याशी बोलता येत नाही. त्याला कमी ऊर्जेचं नवं ब्लूटूथ किंवा वायफायचा डबा लागतो. ‘डबा खराब निघाला’ अशा कित्येक तक्रारींमागे एवढंच असतं.

केबल घेताना आतली यूएसबी चिप बघावी. के-लाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरना वेळेचं भान काटेकोर लागतं, म्हणून एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल सुचवली जाते. पण या चिपच्याही नकला आहेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या अपडेटबरोबर आलेल्या त्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळखक्रमांकच शून्य केला आणि असंख्य केबली एका रात्रीत मुक्या झाल्या. खरी चिप असली तरी एक सेटिंग तपासावं लागतं. मूळ मांडणीत ती दर १६ मिलिसेकंदांनी माहिती पुढे ढकलते. के-लाइनसाठी तो आकडा एक-दोनवर आणला की मध्येच तुटणारा संवाद पुष्कळदा सुरळीत होतो.

लॅपटॉपबद्दल मात्र निश्चिंत असावं. कोड वाचायला दहा वर्षांचं जुनं यंत्रही चालतं. पैसे घालायचे तर जोडात घालावेत.

वाचणं आणि लिहिणं

खोपोलीत एका दुकानाच्या मागच्या खोलीत ईसीयूचा एक ढीग आहे. त्यातले काही पाण्याने गेलेले. काही मात्र माणसाने मारलेले : नवा ‘मॅप’ लिहिताना मध्येच थांबले आणि पुन्हा जागे झाले नाहीत.

ट्यूनिंग म्हणजे ईसीयूतल्या तक्त्यांत बदल. इतक्या फेऱ्यांना, एवढी मूठ पिळली असताना, किती पेट्रोल आणि ठिणगी केव्हा, याचे हे तक्ते. ट्यून-ईसीयूसारखी सॉफ्टवेअर ट्रायम्फ आणि केटीएमच्या काही गाड्यांचे तक्ते वाचू आणि लिहू शकतात. कुठल्या गाडीला कुठला जोड, हे तिथे मॉडेलनुसार ठरतं. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक दुसरा मार्ग घेतं. मूळ ईसीयूला हात न लावता ते वायरिंगच्या मधे बसतं आणि सिग्नल बदलून पुढे देतं. ते काढलं की गाडी पूर्ववत होते.

वाचताना जोड तुटला तर पुन्हा वाचता येतं. लिहिताना तुटला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा मजकूर आत राहतो. म्हणून लिहिण्याच्या कामाला निळा डबा आणि ब्लूटूथ वर्ज्य. तारेचा, नामवंत बनावटीचा जोडच हवा.

दुसरा धोका बॅटरीचा. साध्या बाईकची बॅटरी तीन-चार अँपिअर-तासांची, मोठ्या बाईकची आठ-नऊची. चावी चालू असताना पंप, मीटर आणि काही गाड्यांत दिवाही तिच्यावर असतो. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं की काम बिघडतं. त्यामुळे स्थिर वीज देणारा सप्लाय बॅटरीला लावायचा, गरज पडल्यास हेडलाईटचा कपलर काढायचा. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी धडधाकट हवी, कारण कर्जतच्या गावांत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. अपडेट बंद, स्क्रीन झोपणं बंद. आणि पहिलं पाऊल म्हणजे मूळ मजकुराची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवणं.

बदललेला तक्ता बरोबर आहे हे कळायलाही हार्डवेअरच लागतं. गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. त्यासाठी बॉश एलएसयू ४.९ सारखा वाइडबँड सेन्सर सायलेन्सरला लावावा लागतो. त्याच्याशिवाय लिहिलेला मॅप म्हणजे अंधारात फिरवलेला एअर स्क्रू.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीने ठरवलेल्या वैशिष्ट्यांत मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२-अ अनधिकृत फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगतं. इंजिनाचं मूळ गणित बदललेली गाडी रस्त्यावर फिरवणं म्हणजे हा धोका घेणं. रस्त्यावरच्या गाडीसाठी वाचणं पुरेसं आहे, लिहिणं ट्रॅकसाठी ठेवावं, असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारे मिस्त्री या भागात आहेत. त्यांचं ऐकावं.

कुलूप कुणाचं

इतके डबे आणि नकला का लागतात? कारण कंपन्यांची अस्सल यंत्रं असतात ती त्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी. फाट्यावरच्या शेडला ती सहजी मिळत नाहीत. नेरळ किंवा कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतल्या माणसाला एक कोड पुसण्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून शहर गाठावं लागतं.

मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदानाची यंत्रं बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांनाही उपलब्ध करून द्यायला सांगितलं. तो आदेश मोटारींपुरता होता. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन हे क्षेत्रही आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच मोटारींबाबत असा हक्क मतदानाने मिळवला.

ज्या मिस्त्रीने वीस वर्षं कानाने गाड्या लावल्या, तो कोडही शिकतो. कर्जतच्या शेडमधल्या माणसाने ते दाखवून दिलंय. त्याच्यापासून माहिती दडवून प्रदूषण कमी होणार नाही. बिघडलेल्या सेन्सरवर तशीच पळणारी गाडी जास्तच धूर सोडते. दुचाकीचे कोड, वायरिंगचे नकाशे आणि जोड वाजवी किमतीत खुले झालेच पाहिजेत.

घाटातली परीक्षा

नवा जोड खरं बोलतो का, हे तपासायची एक नामी युक्ती या भागात आहे. खोपोलीत इंजिन बंद ठेवून चावी चालू करायची आणि दाबाच्या सेन्सरचा आकडा बघायचा. तो शंभर किलोपास्कलच्या आसपास असतो. मग घाट चढून लोणावळ्यात, सव्वासहाशे मीटरवर, तसंच करायचं. आकडा ९३-९४ वर आलेला असतो. हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरला, तो सेन्सरने ओळखला आणि जोडाने नीट पोचवला. कार्बोरेटरच्या काळात शिंगरोबापाशी जी गाडी जड व्हायची, ती आता तेवढं पेट्रोल आपोआप कमी करते.

चारफाट्यावरच्या शेडमध्ये आज जे आहे ते असं : एक चांगला मीटर, स्थिर वीज देणारा सप्लाय, कॅनसाठी एक भरवशाचा जोड, के-लाइनसाठी खऱ्या चिपची एक केबल, तपासून खुणा केलेल्या चार जोडवायरी आणि झटपट कोड बघायला तोच निळा डबा. ईसीयूवर लिहिण्याचं काम तिथे घेत नाहीत. छोट्या गॅरेजसाठी हीच निवड योग्य आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने याच क्रमाने पैसे घालावेत, मीटरपासून.

आणि वाचकहो, पिवळी लाईट पेटून तुमची गाडी गॅरेजात गेली, तर सेन्सर बदलू देण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून मागा : कोड कुठला आला आणि कपलर उघडून पाहिला का. त्या रविवारी १६० सीसीच्या मालकाला मिळालेल्या पावतीवर तेवढंच होतं : ‘पी-०१२२. कपलर साफ केला. सेन्सर ठीक.’